जिन्याखालचा संडास

श्रीगोंद्याचा इतिहास सांगायचा म्हटलं, की माणसं शिंद्यांच्या वाड्यांपासून सुरुवात करतात. मग शेख महंमद महाराज येतात, मालोजीराजे त्यांना गुरू मानत ते. मग पेडगावचा किल्ला. एखादा जाणकार असला तर गावाचं जुनं नाव चांभारगोंदे होतं आणि गोविंद नावाच्या एका भक्त चांभारावरून ते पडलं असं म्हणतात, हेही सांगतो. मीही शाळेत पोरांना पस्तीस वर्षं हेच शिकवलं. पण आमच्या स्वतःच्या घरात एक इतिहास घडत होता, तो कधी कुणाला सांगितला नाही. सांगायची लाज वाटायची. तो इतिहास आमच्या संडासाचा.

आमचं घर जुन्या गावठाणात. पांढरीच्या मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, पुढं ओसरी, मधे चौक, चौकात तुळस, मागं गोठा आणि आड. गोठ्याच्या पलीकडं, बोळाच्या बाजूला, पणजोबांच्या वेळचा टोपलीचा संडास होता. दोन दगड, मधे भोक, खाली टोपली. बोळातून टोपली ओढायला हातभर उंचीचं फळीचं दार. तो आजोबांसाठी आणि आलेल्या-गेलेल्या पाहुण्यांसाठी. घरातले बाकीचे गडी टमरेल घेऊन सरस्वती नदीच्या कडेला जायचे. बायकांचा रस्ता निराळा आणि वेळही निराळी.

रोज सकाळी एक बाई बोळातून यायची. फळी उचलायची, टोपली ओढायची, राख टाकायची आणि डोक्यावर घेऊन जायची. आठ-नऊ वर्षांचा होतो तेव्हा माझ्याकडं एक काम होतं. ती फळी लावून उभी राहिली, की वरून भाकरी तिच्या पदरात टाकायची आणि हात लागू द्यायचा नाही. मी ते काम चोख करायचो. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती यायची बंद झाली. आजोबा त्याआधीच गेले होते. वडिलांनी फळीच्या जागी दगड बसवून ते दार बुजवलं. ती कुठं गेली, तेही आम्ही विचारलं नाही.

आमच्या घरातल्या माणसांना कळत नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन सवर्ण घरातले असून हे काम आपल्या हातानं करत होते. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना मैला साफ करण्याचं काम मला करू द्या, म्हणून १९३२ साली त्यांनी उपोषण केलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजीही उपाशी राहिले. कोरडे संडास बांधायला आणि माणसाकडून मैला उचलून घ्यायला बंदी करणारा केंद्राचा कायदा मात्र १९९३ साली झाला. २०१३ साली आणखी कडक कायदा आला. मधल्या साठ-ऐंशी वर्षांत अशा किती बोळांतून किती टोपल्या गेल्या असतील, याचा हिशोब आपला आपणच करावा.

आता बायकांचं. आई १९५५ साली या घरात नवरी होऊन आली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. सासूनं पहिल्या दिवशी चूल दाखवली, दुसऱ्या दिवशी पहाटे गोदरी दाखवली. निवडुंगाच्या आडोशाची, ओढ्याकाठची जागा. चार-पाच जणींनी मिळून जायचं, सूर्याच्या आधी नाहीतर सूर्य बुडाल्यावर. वाटेवर सायकल, बैलगाडी, पुढं पुढं मोटारीचा उजेड आला, की सगळ्यांनी उठून उभं राहायचं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात विंचू. बाळंतीण असली तरी वाट तीच.

एकदा मी तिला विचारलं होतं, "पण आई, दुपारी कळ आली तर?"

"आली तर आली. भाकरी थापायच्या."

"आणि पाणी?"

"पाणी कशाला प्यायचं मग?"

ती हे हसून बोलली. मीही हसलो. या बोलण्यात तिची पुढची साठ वर्षं आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

गोदरीवरून संडास घरात यायला जी गोष्ट लागली ती तशी फार साधी आहे. दोन बोटं पाणी. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीनं संडासाच्या नळाला खाली वाक दिला. त्या वाकात पाणी अडून राहतं आणि खालची घाण हवा वर येत नाही. कमोडमध्ये आपल्याला दिसतं ते पाणी म्हणजे हाच पडदा. आपल्याकडच्या गावठी भांड्याला तीव्र उतार देऊन हा पडदा जेमतेम बोटभर ठेवला, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं. आड आटणाऱ्या मुलखात ही फार मोठी गोष्ट. वास नाही, माशी नाही, आणि कुणी येऊन उचलून न्यायचीही गरज नाही. पण पाण्याचा पडदा आला तरी मनातला वास लवकर जात नाही.

आमच्याकडं १९८७ साली ठरलं, की आता घरात संडास पाहिजे. माझं लग्न झालं होतं, बायको नगरची, तिच्या माहेरी संडास होता. वडील तयार झाले, पण आजीनं अट घातली. खाली देवघर आहे, चौकात तुळस आहे, स्वयंपाकघर आहे, खाली नको. मग गोठ्याच्या बाजूला सिमेंटची खोली काढली, तिच्या स्लॅबवर संडास बांधला आणि वर जायला चौकाच्या मागच्या अंगानं सोळा पायऱ्यांचा जिना घातला. टाकी खाली गोठ्याच्या जागी. आजीचं समाधान झालं, कारण तो घरात होता आणि घरात नव्हता. गल्लीतली माणसं बघून गेली. वडिलांनी दारावर हिरवा ऑइल पेंट मारला.

वर नळ नव्हता. पाणी आडातून शेंदायचं, दोन बादल्या भरायच्या आणि सोळा पायऱ्या चढून वरचा ड्रम भरायचा. हे काम आई आणि माझी बायको करायच्या. म्हणजे ते पाणी खाली येण्यासाठी आधी त्या दोघी ते वर नेत होत्या. मोटर आणि वरची टाकी आली ती आठ-नऊ वर्षांनी. तरीही आई म्हणायची, "सोनं झालं. अंधाराची वाट संपली." ते खरंच होतं. ती तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती.

पुढं सरकारी योजना आल्या. २००० सालापासून आबांच्या, म्हणजे आर. आर. पाटलांच्या काळात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, गावंच्या गावं झाडू घेऊन उभी राहिली. पहाटे शिट्ट्या वाजवत हिंडणारी गुड मॉर्निंग पथकं आली. २०१० साली मी जनगणनेच्या घरयादीला होतो. शिक्षकाला ते काम चुकत नाही. घरोघर जाऊन विचारायचं: घराच्या आवारात शौचालय आहे का, असलं तर कोणत्या प्रकारचं. मी शेकडो घरांचे आकडे भरले. पुढं निकाल आला तेव्हा महाराष्ट्रात ५३ टक्के घरांत शौचालय होतं, आणि नुसता ग्रामीण भाग धरला तर ३८ टक्के. आमचं घर अर्थातच "आहे" या रकान्यात. मला त्याचा अभिमानही होता. त्या "आहे" मध्ये सोळा पायऱ्या होत्या, पण पायऱ्या मोजायचा रकाना त्या कागदावर नव्हता.

२०१९ च्या उन्हाळ्यात आई आजारी पडली. ताप, थंडी, बोलण्यात भ्रम. दवाखान्यात नेलं. लघवीचा संसर्ग निघाला, मूत्रपिंडापर्यंत गेलेला. डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, दिवसाला पाणी किती पिता?" आईनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. उत्तर माझ्या बायकोनं दिलं, "गोळीपुरतं."

घरी आल्यावर बायकोनं मला सांगितलं ते असं. दोन वर्षांपासून आईचे गुडघे धरत नव्हते. ती दिवसातून दोनदाच वर जायची, सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. उतरताना बसून, एकेक पायरी सरकत यायची. संध्याकाळी पाचनंतर पाण्याला तोंड लावायची नाही. घरात मी होतो, रोज त्याच जिन्यानं वर-खाली करत होतो. माझ्या कसं लक्षात आलं नाही? तिनं लपवलं, हे खरं. पण पंधराव्या वर्षापासून लपवायची सवय लागलेल्या माणसाचं लपवणं दिसत नाही, ते त्याच्या स्वभावात जमा होतं.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्यानं फोनवर मार्ग काढला, "दादा, कमोडची खुर्ची मिळते. खाली भांडं असतं. पलंगाशेजारी ठेवायची, झालं. कशाला तोडफोड करता?" खर्च थोडा, काम तासाभराचं. मलाही पटलं. मी आईला सांगायला गेलो.

ती उठून बसली. "आणि ते भांडं कोण टाकणार?"

"आहोत की आम्ही. सूनबाई आहे."

"न्हाई. माझं कुणी उचलायचं न्हाई." मग थोडं थांबून म्हणाली, "त्या बाईनं या घराचं उचललं तेवढं पुरं झालं."

आणि तिनं त्या बाईचं नाव घेतलं. आईला तिचं नाव माहीत होतं. ती कुठली होती, तिला पोरं किती होती, तिचा एक पोरगा पोलिओनं पांगळा झाला होता, सगळं माहीत होतं. फळीच्या अलीकडून-पलीकडून दोघी बोलायच्या म्हणे, आजी आंघोळीला गेली की. ते नाव मी इथं लिहीत नाही. तिच्या नातवंडांना ते असं छापलेलं आवडेल की नाही, हे मी विचारलेलं नाही. पण पन्नास वर्षांनी ते मला कळलं, एवढं लिहून ठेवतो.

मग ठरलं, खालीच संडास. जागा एकच होती, जिन्याखालची. तिथं जुने पत्रे, घमेली आणि बैलांच्या झुली पडल्या होत्या. रुंदी तीन फूट, लांबी साडेपाच फूट. पुढच्या टोकाला उंची साडेसहा फूट, मागं उतरत उतरत तीन फुटांवर. गवंडीमामा टेप घेऊन आत-बाहेर करू लागले. बसल्यावर डोकं लागेल का, हा प्रश्न. शेवटी ते म्हणाले, "सर, ज्याला बसायचंय त्यालाच बसवून बघू." आम्ही प्लॅस्टिकची खुर्ची आत ठेवली, आईला हाताला धरून आणलं. ती बसली, उठली, परत बसली. उठताना माणूस आधी पुढं झुकतो आणि मग सरळ होतो, हे तेव्हा दिसलं. डोकं वर येतं ते बसल्या जागेच्या हातभर पुढं. मामांनी खुर्ची चार बोटं पुढं ओढली आणि खडूनं फरशीवर रेघ मारली. तिच्याच मापानं ती खोली झाली.

दार बाहेर उघडणारं ठेवलं. आत माणूस पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. कडी अशी, की गरज पडली तर बाहेरूनही निघावी. धरायला दांडी पाहिजे होती, पण पांढरीच्या भिंतीत खिळा धरत नाही. म्हणून फरशीपासून जिन्याच्या स्लॅबपर्यंत उभा स्टीलचा पाइप रोवला, उजव्या हाताला. जुन्या मातीच्या भिंतीला ओल लागू नये म्हणून बोटभर जागा सोडून आतून चार इंची विटांची वेगळी भिंत घेतली. फरशी खरबरीत. उंबरा नाही.

अडचण आली ती उताराची. मैल्याच्या पाइपला चाळीस फुटाला एक फूट उतार लागतो. मागची टाकी पंचेचाळीस फुटांवर, आणि तिचं तोंड चौकाच्या फरशीपेक्षा जेमतेम आठ इंच खाली. मामांनी पाण्याची नळी धरून लेव्हल काढली आणि सांगितलं, "संडास अर्धा फूट उचलावा लागंल. एक पायरी करू." पायरी नको म्हणून तर हे सगळं चाललं होतं. मग पुढच्या अंगणात, बारा फुटांवर, दोन शोषखड्डे घ्यायचं ठरलं. तिथवर चार इंचांचा उतारही पुरतो. आड तिथून पन्नासेक फूट लांब, म्हणजे पाण्याला धोका नाही. खाली मुरूम, पाणी मुरायला उत्तम.

या दोन खड्ड्यांची हकिगत शाळेत पोरांना सांगायला हवी होती, असं मला आता वाटतं. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. भरला की तोंड फिरवून दुसरा सुरू करायचा. पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवला, की आत काळी, मोकळी, बिनवासाची माती होते आणि ती फावड्यानं काढून झाडाला घालता येते. बिहारमध्ये बिंदेश्वर पाठकांनी १९७० साली सुलभ संस्था काढून हा संडास देशभर नेला, तो डोक्यावरची टोपली उतरावी म्हणूनच. आपल्याजवळचं उदाहरण देहूचं. तिथल्या आरोग्य केंद्रात आलेले डॉ. सुहास मापुसकर १९६० च्या सुमारास संडासाच्या कामाला लागले. अप्पासाहेब पटवर्धनांकडून ते शिकले आणि आयुष्यभर तेच करत राहिले. ते गेल्यावर २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुकोबांच्या गावात एक डॉक्टर जन्मभर संडास बांधत बसला, म्हणून लोक हसलेही असतील. पण बायाबापड्यांची पहाट त्यानं सोडवली.

सगळं जुळलं आणि काम अडलं ते आईपाशी. जिन्याखालच्या जागेला लागूनच देवघर. भिंतीला भिंत. थोरली आत्या येऊन सांगून गेली, "वैनी, देवाच्या पाठीला पाठ लावून बसणार का? घराण्यात असं कधी झालं न्हाई." आई गप्प झाली. दोन दिवस काही बोलली नाही. पाणीही पुन्हा कमी केलं. मी वेगळी भिंत दाखवली, मधली जागा दाखवली, दोन बोटं पाण्याचा पडदा समजावला. ती म्हणायची, "ते समदं खरं रं. पण देव हाय तो."

दिवाळीनंतरची गोष्ट. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता, अंगणात खड्डे काढायचं थांबलं होतं. त्याच महिन्यात, दोन ऑक्टोबरला, देशातली सगळी खेडी हागणदारीमुक्त झाल्याचं साबरमतीवरून जाहीर झालं होतं, आणि आमच्याकडं म्हातारी तहान मारून बसली होती. एका सकाळी मी पूजा आटपून उठलो, तर आई ओसरीवरून म्हणाली,

"आरं, देवघर माडीवर न्यायचं."

"वर? मग तू दर्शनाला कशी येणार?"

"मी हितनंच हात जोडीन. त्याला ऐकू येतंय." मग ती गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाली, "माडी चढायला देवाचं काय जातंय? त्याचे गुडघे दुखत न्हाईत."

आत्याला कळवलं तेव्हा तिलाही पुढं काही बोलता येईना. मुहूर्त बघून देव माडीवर नेले. वाजतगाजत नाही, पण नारळ फोडला. ज्या अडचणीपायी आजीनं १९८७ साली सुनांना सोळा पायऱ्या चढायला लावल्या, ती अडचण आईनं एका वाक्यात उलटी केली. बायका खाली आल्या आणि देव वर गेले. दोघांनाही त्रास झाला नाही.

संडास तयार झाला तो डिसेंबरात. पहिल्या दिवशी आई आत गेली, कडी लावली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही घाबरलो. मी हाक मारली.

"काय न्हाई रं," आतून आवाज आला. "बसलीये जरा."

त्या रात्री बायकोनं तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवला. सवयीनंच ठेवायची, सकाळी तो भरलेलाच सापडायचा आणि ती तो तुळशीला ओतायची. दुसऱ्या दिवशी तांब्या रिकामा होता. बायकोनं तो मला आणून दाखवला. काही बोलली नाही, नुसता उपडा करून दाखवला.

आई त्यानंतर तीन वर्षं होती. तो आजार तिला पुन्हा झाला नाही. ती गेली ती वयानं, झोपेत. पहिला खड्डा अजून भरलेला नाही. एकट्या म्हातारीला आणि आता आम्हा दोघांना तो पुरून उरतोय. अंगणातल्या झाकणावर कढीपत्त्याची कुंडी ठेवली आहे. गल्लीत त्यानंतर तीन घरांनी जिन्याखाली असंच केलं. त्यांपैकी एका घरातले आजोबा माप द्यायला स्वतः खुर्ची घेऊन बसले होते म्हणे.

पूजेला मीच वर जातो. घरात देवाचं करणारा पुरुष मी एकटा, तेव्हा सोळा पायऱ्या माझ्या वाट्याला आल्या. गेल्या पावसाळ्यापासून नवव्या-दहाव्या पायरीला उजवा गुडघा कुरकुरतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही. पण ती खालून बघत असते, असं मला वाटतं.